पेन्सिल, भरतीची वेळ आणि ओळखीचा तांडेल: कोकणात राहून समुद्र-जंगलाच्या संशोधनात शिरायचं असेल तर

आधी स्वतःला एक प्रश्न विचारा. डॉल्फिन बघायला आवडतात, की मोजायलाही चालतील? बघणं म्हणजे तारकर्लीला बोटीत बसून पंधरा मिनिटं आरडाओरडा करायचा आणि परत येऊन सोलकढी प्यायची. मोजणं म्हणजे त्याच समुद्रात चार-चार तास उन्हात उभं राहायचं, ठरलेल्या वेळेला जीपीएस, वारा, लाटा लिहायच्या आणि संध्याकाळी वहीत लिहायचं, आज शून्य दिसले. तो शून्यही डेटाच असतो. तो लिहिताना ज्याला कंटाळा येत नाही तो या लाईनमध्ये टिकतो, बाकीचे दोनेक वर्षांत बँकेच्या परीक्षांकडे वळतात, त्यात वाईट काही नाही, फक्त आधी कळलेलं बरं.

मी गेली बारा-तेरा वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात प्रोजेक्टवर काम करतेय, खाडी, कांदळवन, बंदरावर उतरणारे मासे आणि मधूनमधून वर घाटातलं जंगल. बारावीचा निकाल लागला की ओळखीतून फोन यायला लागतात, "ताई, पोरीला मरीन बायोलॉजी करायचंय, कॉलेज सांगा." कॉलेज मी सांगते, खालीही सांगितलंय. पण माझं म्हणणं असं की कोकणातल्या मुलांनी कॉलेजपासून सुरुवात करूच नये. तुमच्या घरापासून चालत जाता येईल असा फील्ड आहे, पुण्या-मुंबईच्या मुलांना त्यासाठी रजा, गाडी, लॉज सगळं लागतं. हा फायदा डिग्री मिळाल्यावर नाही, आत्ता वापरायचा.

समुद्र वेगळा, जंगल वेगळं असं इकडे नसतं

बाहेरची मुलं येतात ती "मी मरीनवाला" नाहीतर "मी वाईल्डलाईफवाला" असं ठरवूनच. इकडे सह्याद्रीच्या माथ्यापासून समुद्र जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर. वर पडलेलं पाणी जंगलातून, कातळसड्यावरून (खडकाळ पठारावरून), देवराईतून, भातशेतीतून खाली येतं आणि खाडीत कांदळवनाच्या मुळांपाशी गाळ टाकून समुद्राला मिळतं. वर डोंगर खणला की खाली खाडीत चिखल वाढतो आणि तिसऱ्या (शिंपले) काढणाऱ्या बायका सगळ्यात आधी सांगतात की हल्ली इथे मिळत नाहीत. त्यामुळे सुरुवातीला दोन्हीकडे फिरा, नंतर एक धरा.

आणि जागा बघा किती आहेत. आंबोलीला देवळाच्या कुंडातून २०२० मध्ये शिस्टुरा हिरण्यकेशी ही माशाची नवीन जात सापडली आणि त्यामुळे ती जागा २०२१ ला जैविक वारसा स्थळ झाली, म्हणजे बघा, लोक जिथे पाया पडून पाणी डोक्याला लावत होते तिथेच. दोडामार्गात बांबर्डेला मायरिस्टिकाची दलदल आहे, रानटी जायफळाच्या कुळातली झाडं चिखलातून गुडघ्यासारखी मुळं वर काढून उभी असतात. तिळारी आहे, रायगडात फणसाड आहे. समुद्रात मालवणचं सागरी अभयारण्य, १९८७ चं, जेमतेम २९ चौरस किलोमीटरचं, आणि विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत आंग्रिया बँक, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं प्रवाळ बेट, पूर्ण पाण्याखाली. यातल्या कुठल्याही एका जागेवर आयुष्य काढता येईल एवढं काम पडलंय.

पहिलं काम: एक जागा, एक वही

घराजवळची एकच जागा निवडा. खाडीचा एक तुकडा, एक सडा, एक देवराई, काहीही, पण एकच. आणि तिथे वर्षभर ठरलेल्या दिवशी जायचं. चार जागा निवडल्या की कुठेच नीट जाणं होत नाही, हे स्वानुभवावरून सांगतेय.

खाडी किंवा खडकाळ किनारा निवडला तर पहिल्यांदा भरती-ओहोटी शिका. मोबाईलवर टाईड टेबल मिळतं, ते वापराच, पण जुना हिशोबही पाठ असू दे. तिथीला पाऊणने गुणायचं, पाऊणकीचा पाढा. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती पूर्ण, तिथून साधारण सहा तासांनी ओहोटी पूर्ण. ढोबळ आहे, पण कालवं काढणाऱ्या बायका याच्यावरच निघतात आणि उशीर झालेला मी कधी बघितला नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाणी लांबपर्यंत आत जातं, सकाळी पाच-सहाला ओहोटी, आणि द्वितीया-तृतीयेला हीच ओहोटी साडेसात-आठच्या पुढे येते, म्हणजे उजेड असतो, ऊन चढलेलं नसतं. खडकावरचं काम त्या तीन-चार दिवसांत करायचं. अष्टमी-नवमीला भांग असतो, पाणी धड आत जात नाही धड बाहेर येत नाही, त्या दिवशी घरी बसून एक्सेल भरा.

हे मी एवढं सांगतेय कारण माझी पहिली तीन महिन्यांची मेहनत याच्यातच फुकट गेली. कांदळवनाच्या कडेला चिखलात फिडलर खेकडे असतात ना, एक डेंगा मोठा असणारे, ते मी रोज सकाळी बरोबर नऊला जाऊन मोजायचे. केवढी शिस्त! पण भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते आणि खेकडे पाणी उतरल्यावरच बिळातून बाहेर येतात. म्हणजे मी खेकडे मोजतच नव्हते, भरती मोजत होते. आलेख काढला तर काय सुंदर लाट आली होती, मी खूश, दाखवला तर सर म्हणाले ही पंचांगात आधीच छापलेली आहे.

तर वहीत दर वेळी काय लिहायचं ते सांगते. तारीख, वेळ, तिथी, भरती की ओहोटी आणि ओहोटी पूर्ण व्हायला किती वेळ आहे, आभाळ, वारा, बरोबर कोण होतं, किती वेळ थांबलात. मग काय दिसलं. पेन्सिलनेच लिहा, बॉलपेनचा खाऱ्या पाण्यात सत्यानाश होतो, माझी एक अख्खी वही निळी झालेली आहे. रोज रात्री पानाचा फोटो काढून ठेवायचा. मोजायला चौकट लागते, हार्डवेअरच्या दुकानातून पीव्हीसी पाईप आणि चार एल्बो आणा, अर्धा मीटर बाय अर्धा मीटर, क्वाड्रॅट तयार. जागा आवडली म्हणून चौकट टाकायची नाही, दोरी लावायची आणि ठरलेल्या अंतरावरच टाकायची, तिथे काही नसलं तरी. नवीन मुलं इथेच चुकतात, त्यांना रिकामी चौकट बघवत नाही, मग ती हळूच हातभर पुढे सरकते.

नावं शिकायची तर आधी गावातली शिका. तिवर, कांदळ, चिपी, मारांडी ही चार झाडं ओळखता आली तरी कांदळवनात अर्धं काम होतं. पांढरी चिपी २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष आहे, सामान्यज्ञानाला उपयोगी पडेल. शास्त्रीय नाव नंतर लावा, फोटो आयनॅचरलिस्टवर टाका, पक्षी ईबर्डवर, तिथे जाणकार लोक चूक दाखवतात आणि फुकट दाखवतात. आणि तुमच्या नावावर दोन-तीन वर्षांच्या नोंदी जमल्या की तो तुमचा बायोडेटाच असतो, मुलाखतीत मी स्वतः आधी तेच बघते.

मग बंदरावर जा

ज्याच्याकडे बोट नाही, डायव्हिंगचे पैसे नाहीत, त्याच्यासाठी समुद्रशास्त्राची सगळ्यात स्वस्त शाळा म्हणजे मासळी उतरते ते बंदर. हर्णै, मिरकरवाडा, देवगड, मालवण, वेंगुर्ला, जे जवळ असेल ते. एसटीचं भाडं आणि जुने कपडे एवढाच खर्च.

आठवड्यातले दोन दिवस पक्के करा. गेल्यावर आधी बोटी मोजा, कुठल्या जाळ्याच्या किती ते लिहा, ट्रॉलर वेगळा, गिलनेट वेगळी, डोल वेगळी, पर्ससीन वेगळी, रापण तर किनाऱ्यावरच ओढतात. मग त्यातल्या काही बोटींचा माल बघा. सगळे मासे नका घेऊ, एक गट घ्या. मी मोरी-मुशी आणि पाकट (शार्क आणि रे) घेतले कारण ते कमी प्रकारचे असतात, ओळखायला बरे पडतात आणि जगभर त्यांच्याबद्दल काळजी आहे, तरी आपल्याकडे ते फारसं कोणी मोजत नाही, सरळ तुकडे करून विकले जातात. टेपने लांबी घ्यायची, नर की मादी बघायचं, वरून-खालून फोटो, बाजूला पट्टी ठेवून. कुठे मिळाला विचारलं तर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, तुम्हाला किलोमीटर सांगणार नाही, "वीस वावात" म्हणेल. वाव म्हणजे साधारण सहा फूट, खोली त्यात सांगतात. हे माहीत नसेल तर तुम्ही मख्खासारखे बघत बसता आणि तुम्ही बाहेरचे आहात हे समोरच्याला कळतं.

आता माणसांबद्दल, कारण इथेच खरी परीक्षा असते. पहिले पंधरा दिवस वही काढूच नका. चहा प्या, बसा, जाळं शिवताना बघा. तुम्ही कोणाकडून आलात हा त्यांचा पहिला प्रश्न असतो आणि तो रास्त आहे, कारण पर्ससीन जाळी आणि एलईडी दिवे लावून होणारी मासेमारी यांवरून पारंपरिक मच्छीमार आणि मोठ्या बोटवाल्यांमध्ये केवढे वाद आहेत ते तुम्हाला माहीत असेलच, त्यात वही घेऊन फिरणारा माणूस म्हणजे खबऱ्याच वाटतो. कोणाच्या बाजूने बोलायचं नाही, कोणाच्या बोटीचं नाव नोंदीत लिहायचं नाही, फोटोत नंबर येऊ द्यायचा नाही, आणि हे त्यांना आधी सांगायचं. खारवी, दालदी, गाबीत, भोई, प्रत्येक वस्तीची बोलायची रीत वेगळी. आमच्याकडे दालदी मोहल्ल्यातल्या एका चाचांनी मला दोन वर्षं फक्त "मास्तरीण" म्हणून हाक मारली, चेष्टेने, आणि तिसऱ्या वर्षी स्वतः फोन करून सांगितलं की आज वेगळं काहीतरी आलंय, ये लवकर, बर्फ घालून ठेवलंय.

लिलावाच्या वेळी मधे उभं राहू नका. हे वाचायला साधं वाटतं पण लोकांचा दिवसाचा पैसा त्या दहा मिनिटांत ठरत असतो.

जंगलाच्या बाजूला

तिकडे तुमचा तांडेल म्हणजे वनरक्षक, कातकरी नाहीतर गवळी धनगर. धनेशाचं घरटं कुठल्या झाडात आहे ते त्यांना माहीत असतं, खवले मांजर कुठल्या बाजूला खणतं तेही, आणि ते कोणाला सांगायचं नाही हेही. तुम्हीही सांगू नका. खवले मांजराची चोरटी शिकार होते, तेव्हा नेमकी जागा, लोकेशन ऑन असलेला फोटो, असलं काही इन्स्टावर टाकलंत तर संशोधक कसले तुम्ही, वाटाड्या झालात.

देवराईत जाताना गुरवाला, मानकऱ्यांना विचारून जायचं, चपला काढायची रीत असेल तर काढायच्या, कातळावर मात्र बूट घालूनच फिरायचं. सड्यावर फुरसं असतं, दगडासारखंच दिसतं आणि पळून जात नाही. हात टेकताना बघून टेका, दगड उलटलात तर होता तसा परत ठेवा, खाली कोणाचं तरी घर असतं. जवळच्या कुठल्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशाची लस आहे हे फील्ड सुरू करायच्या आधी विचारून घ्या, चावल्यावर नाही.

वर्ष कसं लावायचं

इकडच्या वर्षात समुद्र आणि जंगल एकमेकांना बरोबर सुट्टी देतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, बंदर रिकामं. तेव्हाच घाटात बेडूक ओरडायला लागतात, पावसाळाभर रात्री टॉर्च घेऊन आंबोलीसारख्या ठिकाणी काम असतं. श्रावण-भाद्रपदात सडे फुलतात, आठ-पंधरा दिवसांत रंग बदलतो, गणपतीच्या सुट्टीत चाकरमानी मोदक खातात तेव्हा तुम्ही सड्यावर ओणवे असता. थंडीत खाडीच्या तोंडाला पाहुणे पक्षी येतात, कासवं अंडी घालायला लागतात. होळीच्या पुढेमागे पिल्लं बाहेर यायला लागतात आणि तिकडे धनेशाची मादी ढोलीत कोंडून घेतलेली असते, नर फळं आणून भरवत असतो. एप्रिल-मे मध्ये उन्हाने जीव जातो, तेव्हा डेटा बघायचा.

इथे एक मनातली गोष्ट बोलून घेते. बऱ्याच प्रकल्पांच्या पर्यावरण अभ्यासाला पावसाळा सोडून एका सीझनची माहिती चालते. कोकणात! जिथे सड्यावरची अर्धी वनस्पती आणि बहुतेक बेडूक फक्त पावसातच दिसतात. एप्रिलमध्ये सड्यावर येऊन "पडीक जमीन" लिहून गेलेले रिपोर्ट मी वाचलेत. तुमच्या वहीतल्या पावसाळ्याच्या नोंदींना किती किंमत आहे ते यावरून समजा.

कासवाच्या किनाऱ्यावर एक सीझन तरी काढा

वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने २००२ मध्ये कासवाचं काम सुरू केलं, आता वनविभाग, गावकरी मिळून आंजर्ले, गुहागर अशा बऱ्याच किनाऱ्यांवर ते चालतं. कासवमित्र पहाटे अंधारात निघतो, वाळूत ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग दिसला की घरटं शोधतो, अंडी अलगद काढून त्याच खोलीचा खड्डा करून हॅचरीत ठेवतो, नाहीतर कोल्हे-कुत्री आहेतच. एका घरट्यात शंभराच्या आगेमागे अंडी, पंचेचाळीस ते साठ दिवसांत पिल्लं. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त होतात, म्हणून हॅचरीत तापमान लिहायचं काम असतं आणि ते बहुतेक शिकाऊ माणसाच्याच गळ्यात पडतं, हक्काने मागून घ्या.

कासव महोत्सवाला फोटो काढायला जाणं वेगळं आणि नोव्हेंबर ते एप्रिल किनाऱ्यावर राहणं वेगळं. राहिलात तर कळतं की संशोधनाला रोजच्या गस्तीचा केवढा आधार असतो. जानेवारी २०२२ मध्ये वेळासला प्रथमा नावाच्या ऑलिव्ह रिडलेला सॅटेलाईट टॅग लावला, पश्चिम किनाऱ्यावर अशी पहिलीच, तो टॅग भारतीय वन्यजीव संस्थेचा आणि मँग्रोव्ह फाउंडेशनचा, पण कासव किनाऱ्यावर कधी आणि कुठे चढेल हे सांगणारा माणूस गावचाच. पुढच्या वर्षी गुहागरहून निघालेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. आणि २०२१ मध्ये ओडिशात पंखाला धातूचा टॅग लावलेली मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आली. दोन किनाऱ्यांची कासवं वेगळी वेगळी असं धरून चालणाऱ्यांना त्या एका पत्र्याच्या तुकड्याने विचारात पाडलं, आणि तो कधी उपयोगी पडला, तर कोणीतरी त्यावरचा नंबर नीट वाचून लिहून घेतला तेव्हा.

मुलींसाठी: रात्रीच्या गस्तीला घरून नकार येतो, मलाही आला होता. आईला एकदा बरोबर घेऊन गेले, कासवमित्राच्या घरी जेवलो, तिने त्यांच्या बायकोशी दोन तास गप्पा मारल्या, प्रश्न मिटला. एकटीने जायचं नाहीच, मुलग्यांनीही नाही. आणि फील्डवर बाथरूमची सोय नसते म्हणून पाणी न पिणं हा मूर्खपणा करू नका, आधीच एक-दोन घरं ओळखीची करून ठेवा.

आता कॉलेज

बारावी सायन्सला बायोलॉजी ठेवा. पुढे ढोबळ दोन वाटा.

एक, कृषी विद्यापीठाची वाट. रत्नागिरीत शिरगावला मत्स्य महाविद्यालय आणि दापोलीत वनशास्त्र महाविद्यालय, दोन्ही डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची, चार वर्षांची डिग्री, प्रवेश सीईटीवर. पुढे मुंबईत वर्सोव्याला सीआयएफई, म्हणजे केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था. या वाटेने सरकारी नोकऱ्यांचे दरवाजे जास्त उघडतात, मत्स्यव्यवसाय खातं, वनसेवा वगैरे. पण अभ्यास मत्स्यशेती, मासेमारी, लागवड याकडे जास्त झुकलेला, निव्वळ प्रवाळ-कासव-डॉल्फिन अपेक्षित असेल तर पहिल्या वर्षी हिरमोड होतो.

दुसरी, साधी बीएस्सी झूलॉजी किंवा बॉटनी, रत्नागिरी, चिपळूण, दापोली, सावंतवाडी कुठेही, आणि मग चांगली एमएस्सी. पुण्यात गरवारे कॉलेजला बायोडायव्हर्सिटी आहे, गोवा विद्यापीठ जवळ आहे, कोचीनला मरीन बायोलॉजी, तामिळनाडूत परंगीपेट्टईला अण्णामलाई विद्यापीठाचं जुनं केंद्र, पाँडिचेरी विद्यापीठाचा मरीन बायोलॉजीचा विभाग अंदमानात श्री विजयपुरमला (पूर्वीचं पोर्ट ब्लेअर). वन्यजीवासाठी डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळूरला एनसीबीएस (नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेस), बंगळूरचे प्रवेश एक वर्षाआड होतात आणि जागा अगदी थोड्या, ते हिशोबात धरा. झूलॉजी करून नंतर एमएफएससीला (मत्स्यशास्त्राच्या मास्टर्सला) जाऊ असं गृहीत धरू नका, तिथे बहुतेक ठिकाणी बीएफएससी, म्हणजे मत्स्यशास्त्राचीच डिग्री मागतात. आयएफएसला (भारतीय वनसेवेला) मात्र झूलॉजी, बॉटनी, फॉरेस्ट्री, इंजिनीअरिंग सगळं चालतं.

माझं मत विचाराल तर बीएस्सी घराजवळ करा आणि वाचलेल्या पैशात, वेळात वही चालू ठेवा. एमएस्सीला बाहेर पडा, पडाच, नाहीतर आपल्या खाडीपलीकडे जग दिसत नाही.

नेट-जेआरएफ द्या, संशोधनाची फेलोशिप मिळवून देणारी परीक्षा. लाईफ सायन्सेसमधून द्या, समुद्राच्या भौतिक बाजूला जायचं असेल तर अर्थ सायन्सचा पेपर वेगळा असतो. गेटलाही इकॉलॉजीचा स्वतंत्र पेपर आहे, लोकांना माहीतच नसतं.

डिग्रीबरोबर हे शिकून घ्या: पोहणं, आधी हे. किनाऱ्यावर वाढलेल्या निम्म्या पोरांना पोहता येत नाही, हसू नका, खरं आहे. दुचाकी, जमल्यास जीप. एक्सेल नीट, म्हणजे एका खान्यात एकच गोष्ट. मग आकडेवारीसाठी आर आणि नकाशांसाठी क्यूजीआयएस, दोन्ही सॉफ्टवेअर फुकट, यूट्यूबवरून येतं. स्टॅटिस्टिक्सला घाबरून प्राणिशास्त्र घेतलेल्यांना इथे स्टॅटिस्टिक्स परत गाठतं. स्कूबा शिकायचं तर तारकर्लीला एमटीडीसीची संस्था आहे, पण सुरुवातीलाच त्यावर पैसे घालायची गरज नाही, स्कूबा येणारे भरपूर आहेत, गोगलगायी, स्पंज, शेवाळं ओळखणारे मिळत नाहीत. एक दुर्लक्षित गट धरा आणि त्यात जिल्ह्यातला जाणकार व्हा, पाच वर्षांत लोक तुम्हाला शोधत येतात.

परवानग्या

नुसतं बघणं, मोजणं, फोटो काढणं गावच्या किनाऱ्यावर चालतं. अभयारण्यात शिरणं, प्राणी पकडणं, नमुना घेणं, टॅग, रक्त, यातलं काहीही परवानगीशिवाय नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याची परिशिष्टं बदलली, नवीन यादी डाऊनलोड करून ठेवा, जुन्या पुस्तकातली चालत नाही. समुद्री कासवं, प्रवाळ, समुद्रघोडा, समुद्रकाकडी हे सगळं संरक्षित आहे, वाळूत पडलेला प्रवाळाचा तुकडासुद्धा शोकेसला आणायचा नाही. वन्यप्राण्यांच्या संशोधनाचा अर्ज नागपूरला प्रधान मुख्य वनसंरक्षकांकडे जातो, कांदळवनासाठी मुंबईचा कांदळवन कक्ष. एकट्याच्या नावाने सहसा होत नाही, कॉलेज किंवा संस्थेच्या लेटरहेडवर पाठवा, स्थानिक विभागीय वन अधिकाऱ्यांना आधी भेटून या, आणि महिने जातात हे धरूनच सीझनच्या खूप आधी पाठवा. कासवाचा सीझन नोव्हेंबरला सुरू होतो म्हणून ऑक्टोबरमध्ये अर्ज टाकणारे मी दर वर्षी बघते.

पैसा

सगळ्यात कमी बोललं जातं ते हे. जेआरएफ मिळाली तर जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार आणि घरभाडं, दोन वर्षांनी ४२ हजार. बरे आहेत. पण जेआरएफ नसेल तर प्रोजेक्टवर त्यापेक्षा कमी, आणि संस्था छोटी असेल तर बरंच कमी, आणि प्रोजेक्ट दोन वर्षांचा, मग पुढे काय हे कोणी सांगत नाही. पैसे उशिरा येतात. माझे एकदा पाच महिने अडकले होते, तेव्हा भावाकडून उसने घेऊन पेट्रोल टाकलंय. त्यामुळे चार-सहा महिन्यांचा खर्च बाजूला असू द्या, आणि फील्डवर स्वतःच्या खिशातून किती घालायचे त्याची मर्यादा आधी ठरवा, ही सवय एकदा लागली की संस्थाही ते गृहीत धरतात.

फुकट इंटर्नशिप? महिनाभर ठीक, राहण्याजेवणाची सोय आणि शिकवणारा माणूस असेल तर. सहा महिने फुकट राबवून घेऊन पेपरवर नावही नाही असं असेल तर निघा. नाव कुठे येणार, डेटा कोणाचा, हे पहिल्याच आठवड्यात विचारायचं, ईमेलवर विचारायचं, लेखी राहतं. लाजू नका.

आमच्यातली बरीच जणं जोडीला काहीतरी करतात, होमस्टे, क्लासेस, आंब्याचा सीझन. त्यात कमीपणा नाही, उलट मे महिन्यात कलमांच्या बागेत असलात तर तुमची लोकांशी ओळख टिकते.

ईमेल कसा लिहायचा

"रिस्पेक्टेड सर, आय ॲम पॅशनेट अबाऊट नेचर" असा सुरू होणारा ईमेल कोणी पुढे वाचत नाही, खरंच. तीन ओळी पुरतात. मी अमुक खाडीवर चौदा महिने दर पंधरवड्याला खेकडे मोजतेय, मला असं असं दिसलंय, तुमचा अमुक पेपर वाचून मला हा प्रश्न पडलाय, तुमच्याकडे या सीझनला काम असेल का. खाली एक आलेख. बस. बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) असो, दक्षिण फाउंडेशन, एनसीएफ (नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन) किंवा डॉल्फिन-देवमाशांवर काम करणारी कोकण सिटेशियन रिसर्च टीम, अशा ठिकाणी फील्डला सरावलेली आणि गावात मिसळणारी माणसं कायम हवी असतात. उत्तर नाही आलं तर तीन आठवड्यांनी एकदा आठवण करा, मग सोडून द्या.

आणि जे मिळालं ते परत गावात न्या

हे बरेच जण करत नाहीत. पेपर इंग्रजीत छापला जातो आणि ज्यांनी माहिती दिली त्यांना पत्ताच नसतो. जाळं कापून कासव किंवा देवमासा सोडला तर मच्छीमाराला २५ हजारांपर्यंत भरपाई मिळते, २०१८ पासून, पण जाळं कापणाऱ्याने फोटो काढला पाहिजे हे त्याला कोणीतरी मराठीत समजावून सांगायला लागतं, ते तुम्ही सांगा. वर्षाच्या शेवटी एका पानाचा मराठी रिपोर्ट करा, मोठ्या अक्षरात, दोन आलेख, आणि मच्छीमार सोसायटीच्या फळ्यावर लावा.

मी पहिल्यांदा लावला तेव्हा चाचा चष्मा लावून बराच वेळ बघत उभे होते. मग डिसेंबरच्या एका आठवड्यावर बोट ठेवून म्हणाले, "मास्तरीण, इथं मोरी शून्य दाखवलीस, पण त्या आठवड्यात वारा होता, बोटीच गेल्या नव्हत्या." मी परत वही काढून बघितली, खरंच, मी बंदरावर गेले होते, मासळी नव्हती म्हणून सरळ शून्य टाकून आले होते, किती बोटी गेल्या तो रकानाच नव्हता. तेव्हापासून माझ्या तक्त्यात बोटी किती गेल्या हा रकाना पहिला असतो, आणि "मिळाली नाही" वेगळं लिहिते, "गेलेच नाहीत" वेगळं.